चार दिवसांआडचा नळ आणि वीस लिटरचा जार

सोलापुरात पिण्याच्या पाण्याचा विषय निघाला की बोलणे दोन प्रश्नांवर येऊन थांबते. उजनी धरणात किती टक्के साठा आहे, आणि आपल्या भागात पाणी कोणत्या वारी सुटणार आहे. अलीकडे त्यात तिसरी गोष्ट आली आहे, पण तिच्याविषयी आपण फारसे बोलत नाही, कारण ती आता घरातलीच झाली आहे. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर ठेवलेला वीस लिटरचा जार. दुकानात, दवाखान्यात, लग्नात, बारशात, तेराव्यालाही तो असतोच. हा जार आपल्या घरात आला तो गावात पाणी कमी पडले म्हणून आला, असे बहुतेकांना वाटते. मला तसे वाटत नाही. नळ रोज येत नाही म्हणून तो आला, आणि नळ रोज येईपर्यंत तो जाणार नाही, असे माझे मत आहे. ते का, हे सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

आधी थोडा हिशोब करू. २०११ च्या जनगणनेत सोलापूर शहराची लोकसंख्या साडेनऊ लाखांच्या आसपास होती. शहरी माणसाला दररोज १३५ लिटर पाणी मिळावे, असे केंद्र सरकारचे प्रमाण आहे. म्हणजे शहराला दिवसाला सुमारे तेरा कोटी लिटर आणि वर्षाला साधारण ४,७०० कोटी लिटर पाणी लागते. एक टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट, म्हणजेच सुमारे २,८३१ कोटी लिटर. त्यामुळे वर्षाची गरज पावणेदोन टीएमसीच्या आतच भरते. त्यानंतर वाढलेली वस्ती आणि गळती धरून हा आकडा दुप्पट केला, तरी तो साडेतीन टीएमसीच्या पुढे जात नाही. आता उजनी धरण पाहा. त्याची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी आहे आणि त्यातला सुमारे ६३ टीएमसी हा मृत साठा, म्हणजे एरवी धरणातून सोडता न येणारा तळाचा साठा आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी वजा ५० टक्क्यांच्याही खाली गेली, म्हणजे मृत साठ्यातलेही पाणी बरेच कमी झाले, तेव्हासुद्धा त्या मृत साठ्यात सोलापूर शहराला कित्येक वर्षे पुरेल इतके पाणी होते. ते उपसण्यासाठी दुबार, तिबार पंपिंग करावे लागले, खर्च वाढला, पाळी लांबली, हे खरे. पण पाणी नव्हते, असे त्या वर्षीही म्हणता आले नसते.

शहराला पाणी तीन वाटांनी येते. एक, उजनीतून थेट जलवाहिनीने पाकणीच्या शुद्धीकरण केंद्रात. दुसरी वाट भीमेची: उजनीतून नदीत पाणी सोडायचे, ते पंढरपूर, मंगळवेढा करत कर्नाटकाच्या सीमेजवळच्या औज बंधाऱ्यात पोहोचायचे, आणि तिथून टाकळीमार्गे सोरेगावच्या केंद्रात आणायचे. तिसरी वाट हिप्परग्याच्या एकरुख तलावाची, जो इंग्रजांच्या काळात अडीला नदीवर १८७० च्या सुमारास बांधून झाला आणि ज्याचे पाणी भवानी पेठेच्या केंद्रात येते. यातल्या दुसऱ्या वाटेचा मला फार त्रास होतो. शहराला लागणारे थोडेसे पाणी बंधाऱ्यापर्यंत पोहोचावे म्हणून नदीतून त्याच्या कितीतरी पट पाणी सोडावे लागते. वाटेत ते वाळूत मुरते, उन्हाने उडून जाते आणि दोन्ही काठांवरच्या मोटारी ते ओढून घेतात. शेतकऱ्याने ओढले म्हणून त्याला दोष देण्यात अर्थ नाही, त्याच्या दारावरूनच ते वाहते आहे. उजनीपासून सुमारे ११० किलोमीटरची, दिवसाला १७० दशलक्ष लिटर क्षमतेची समांतर जलवाहिनी आखली गेली ती या नासाडीवर उपाय म्हणून. तिची गरज होतीच. पण मोठ्या वाहिनीने पाणी गावाच्या वेशीपर्यंत येते. वेशीपासून माझ्या नळापर्यंतचा प्रवास वेगळा आहे, आणि जाराची गोष्ट त्या प्रवासात सुरू होते.

चार-पाच दिवसांआड पाणी सुटते तेव्हा नळात नेमके काय होते, हे समजून घेणे महत्त्वाचे आहे. शुद्धीकरण केंद्रातून निघणारे पाणी तुरटीने निवळलेले, वाळूतून गाळलेले आणि क्लोरिन मिसळलेले असते. नळाच्या शेवटच्या टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक राहावे, असे भारतीय मानक आयएस १०५०० सांगते, आणि ते वाटेत मिसळणाऱ्या जंतूंना मारण्यासाठीच असते. वाहिनी चोवीस तास दाबाखाली असली तर गळतीच्या जागेतून पाणी बाहेर पडते, पण बाहेरची घाण आत येऊ शकत नाही. चावीवाल्याने व्हॉल्व्ह बंद केला आणि वाहिनी रिकामी झाली की उलटे होते. त्याच फटीतून शेजारच्या गटाराचे, ड्रेनेजचे पाणी आत झिरपते आणि चार दिवस तिथे पडून राहते. पाचव्या दिवशी पाणी सुटले की पहिल्यांदा तेच नळाला येते. त्यात आपण बहुतेकांनी नळाला थेट मोटार लावलेली असते. दाब कमी म्हणून मोटार लावायची आणि मोटारीने ओढल्यामुळे पुढच्या घराचा दाब आणखी कमी व्हायचा. या ओढाताणीत वाहिनीत शोषण तयार होते आणि उरलेसुरले मैलापाणीही आत येते. पहिली दहा मिनिटे पिवळसर, किंचित वास येणारे पाणी आमच्या गल्लीतली प्रत्येक बाई गटारीत सोडून देते, आणि तिचे बरोबरच आहे.

पुढचे संकट घरात. चार-पाच दिवसांचे पाणी साठवायचे म्हणून हौद, सिंटेक्सची टाकी, पिंप, घागरी, बिंदग्या, जे असेल ते भरले जाते. साठवलेल्या पाण्यातला क्लोरिन दिवसागणिक कमी होत जातो, त्यात पेला बुडवताना हात लागतो, झाकण उघडे राहते. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साठ्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास तयार व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी कोरडी करा, असे आरोग्य खाते दरवर्षी सांगते. पण पुढचे पाणी कधी येणार याचा भरवसा नसताना पिंप रिकामे करून कोरडे ठेवायला कुणाचा हात धजावेल? सूचना योग्य आहे, पण ती पाळण्यासाठी लागणारी खात्री सूचना देणाऱ्या यंत्रणेने दिलेली नाही.

अशा परिस्थितीत माणसाचा नळावरचा विश्वास उडाला तर नवल नाही. या उडालेल्या विश्वासावर आधी फिल्टरवाले आले. काही वर्षांपूर्वी आमच्या घरी असाच एक मुलगा आला होता. त्याने काचेचे दोन पेले मागितले, एकात आमच्या नळाचे पाणी घेतले, दुसऱ्यात स्वतःच्या बाटलीतले ओतले, आणि चार कांड्या असलेले एक छोटे यंत्र दोन्ही पेल्यांवर ठेवून त्याची वायर बोर्डात खोचली. मिनिटभरात आमच्या पेल्यातले पाणी आधी पिवळे, मग शेवाळी आणि शेवटी गढूळ तांबडे झाले, वर फेस आला. त्याचा पेला जसाच्या तसा. "मावशी, बघा, हेच जातंय रोज तुमच्या पोटात," तो आईला म्हणाला. आई घाबरली. "अरे बाबा, लहानपणापासून हेच पितोय की आम्ही," एवढेच ती म्हणू शकली.

त्या यंत्रात प्रत्येक जोडीतली एक कांडी लोखंडाची असते. पाण्यात विरघळलेले क्षार असतील तर वीज वाहते, लोखंड झिजते आणि त्याचा गंज पाण्यात उतरतो. तांबडा गाळ आमच्या पाण्यात नव्हताच, तो कांडीचा होता. त्याच्या पेल्यातल्या पाण्यात क्षार जवळजवळ नसल्याने वीज वाहिली नाही, म्हणून ते स्वच्छ दिसले. त्यात चिमूटभर मीठ टाकले असते तर तेही तसेच तांबडे झाले असते. हे कळायला मला बराच काळ लागला, आणि कळल्यावर राग आला तो अशासाठी की पाणी खरोखर धोक्याचे असते तेव्हा ते या यंत्राला मुळीच दिसत नाही. जंतू वीज वाहून नेत नाहीत. टीडीएसच्या, म्हणजे विरघळलेले क्षार मोजणाऱ्या मीटरचेही तसेच आहे. ड्रेनेज मिसळलेले पाणी मीटरवर ३५० दाखवू शकते आणि जंतूविरहित बोअरचे पाणी ९०० दाखवू शकते. पहिले आजारी पाडते, दुसरे फार तर जड आणि बेचव लागते.

आरओची, म्हणजे पडद्यातून गाळून पाण्यातले क्षार काढणाऱ्या यंत्राची गरजच नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. सोलापूर काळ्या बसाल्टवर वसले आहे. इथे पाणी खडकाच्या भेगांत आणि वरच्या झिजलेल्या मुरमात साठते, आणि खोल बोअरमधून येणारे पाणी बऱ्याच ठिकाणी जड आणि खारट असते. हद्दवाढ भागात कित्येक सोसायट्या बोअरवरच चालतात आणि तिथे किटलीच्या तळाशी पांढरा थर बसतो. मानकानुसार विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत आणि दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत चालवून घ्यावेत. या दोन आकड्यांच्या मध्ये असलेल्या घराने आरओ घेतला तर तो पटण्याजोगा आहे. पण क्षार ५०० च्या आत असलेल्या पाण्यावर आरओ लावणे म्हणजे घरगुती यंत्रात एक लिटर पाण्यासाठी साधारण तीन लिटर मोरीत सोडणे होय. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये अशा ठिकाणी आरओवर बंदी घालावी, असे म्हटले होते ते याच कारणाने. चार दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात मोरीत जाणारे ते तीन लिटर मला पाहवत नाहीत. ज्यांच्याकडे आरओ आहे त्यांनी निदान त्याची बाहेर पडणारी नळी बादलीत सोडावी, धुणे आणि फरशीसाठी ते पाणी चालते.

फिल्टर घेण्याची ऐपत किंवा जागा नसलेल्यांसाठी जार आला. बाटलीतले पाणी विकत घेणे ही कल्पनाच आपल्याकडे एके काळी श्रीमंतांची होती. बिस्लेरी १९६५ मध्ये मुंबईत काचेच्या बाटल्यांतून आली, १९६९ मध्ये पार्लेने ती विकत घेतली, आणि बरीच वर्षे ती मोठ्या हॉटेलांपुरतीच राहिली. प्लास्टिकची बाटली आली, प्रवास वाढला, आणि नव्वदच्या दशकात ती एसटी स्टँडवर पोहोचली. नियम मागून आले. बाटलीबंद पिण्याच्या पाण्यासाठी आयएस १४५४३ आणि नैसर्गिक मिनरल वॉटरसाठी आयएस १३४२८ अशी दोन मानके आहेत, आणि मार्च २००१ पासून त्यांचे प्रमाणपत्र सक्तीचे झाले. आपण ज्याला सरसकट मिनरल वॉटर म्हणतो ते बहुतेक वेळा पहिल्या प्रकारातले, म्हणजे बोअरचे किंवा नळाचे प्रक्रिया केलेले पाणी असते. २००३ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने नामांकित बाटल्यांत कीटकनाशकांचे अंश सापडल्याचे जाहीर केले, मोठा गदारोळ झाला आणि मानके कडक झाली. पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये या बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) प्रमाणपत्राची सक्ती काढून घेण्यात आली, आणि पाठोपाठ एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, बाटलीबंद पाण्याला अधिक जोखमीच्या अन्नपदार्थांच्या गटात टाकले, ज्यामुळे परवान्यापूर्वी तपासणी आणि दरवर्षी बाहेरच्या संस्थेकडून लेखापरीक्षण करावे लागते. कागदावर ही व्यवस्था वाईट नाही.

पण आपल्या गल्लीत येणारा जार या व्यवस्थेत कुठे बसतो? सीलबंद जारावर कंपनीचे नाव, बॅच, तारीख, परवाना क्रमांक असतो. टेम्पोतून येणारा निळा किंवा पांढरा-हिरवा थंड जार, ज्याचे झाकण नुसते फिरवून बसवलेले असते आणि ज्याला खाली तोटी असते, त्याच्यावर यातले काहीच नसते. मानक सीलबंद पाण्याला लागू आहे आणि आम्ही सुटे थंड पाणी विकतो, असा पवित्रा यातले पुष्कळ प्लांटवाले घेतात. मी असा एक प्लांट आतून पाहिला आहे. पत्र्याची शेड, मागे बोअर, दोन मोठ्या टाक्या, वाळूचे आणि कोळशाचे फिल्टर, आरओचे पडदे बसवलेल्या लांब नळ्या, अतिनील दिव्याची नळी आणि थंड करणारे यंत्र. इथपर्यंत सगळे नीटनेटके होते. मालकाने टीडीएसचा मीटर बुडवून दाखवला, आकडा ४० च्या आसपास होता. मग मी भरण्याच्या जागेकडे गेलो. परत आलेले जार एका बाजूला रचलेले होते. एक मुलगा प्रत्येकात तांब्याभर पाणी घालून, हलवून, ते ओतून टाकत होता आणि लगेच नळीखाली धरत होता. साबण नाही, गरम पाणी नाही, आतून ब्रश नाही. तोट्या कुणी उघडून पाहत नव्हते. एका जाराच्या तोटीच्या आटेवर हिरवट थर स्पष्ट दिसत होता.

जाराची खरी अडचण इथे आहे. आरओमधून निघालेल्या पाण्यात क्लोरिन उरत नाही. नळाच्या पाण्याला येतो म्हणून आपण नाक मुरडतो तो वासच पाण्याचे रक्षण करत असतो. जाराच्या पाण्यात ते रक्षण नाही, त्यामुळे भरण्याच्या क्षणी ते कितीही शुद्ध असले तरी अस्वच्छ जारात, अस्वच्छ तोटीत ते पुन्हा दूषित होते आणि गोड, थंड लागत असल्यामुळे आपल्याला संशयही येत नाही. त्या प्लांटच्या मालकाला मी खलनायक ठरवू इच्छित नाही. कर्ज काढून त्याने धंदा उभा केला आहे, आठ-दहा जणांचे घर त्यावर चालते, आणि नळ नसलेल्या दिवशी तोच दारात येतो. त्याला जार कसे धुवावेत हे कुणी शिकवले नाही आणि त्याच्याकडे तपासायला कुणी येत नाही, हा दोष त्याच्या एकट्याचा नाही.

प्लास्टिकविषयी थोडेसे. २०१८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या फ्रेडोनिया इथल्या विद्यापीठात वेगवेगळ्या देशांतल्या २५९ बाटल्या तपासल्या गेल्या आणि त्यातल्या ९३ टक्के बाटल्यांत प्लास्टिकचे सूक्ष्म कण सापडले. उष्णतेत प्लास्टिकमधली रसायने पाण्यात उतरण्याचे प्रमाण वाढते, हेही प्रयोगांत दिसले आहे. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४३-४४ अंशांवर जातो आणि बाटल्यांचे खोके दुकानाबाहेर फुटपाथवर उन्हात रचलेले असतात. दुकानदारांनी ते सावलीत ठेवावेत, एवढे तर आपण ओळखीच्या नात्याने सांगू शकतो.

पैशांची बाजू मला सर्वांत जास्त बोचते. आमच्याकडे जार तीस रुपयांना धरला तर लिटरला दीड रुपया, म्हणजे हजार लिटरला दीड हजार रुपये झाले. पूर्व भागात यंत्रमागावर काम करणारे किंवा विड्या वळणारे कुटुंब दोन दिवसांत एक जार घेत असेल, तर महिन्याचे साडेचारशे रुपये नुसत्या पिण्याच्या पाण्यावर जातात, आणि पाणीपट्टी वेगळी. ज्या घरात मोठी टाकी, मोटार आणि आरओ आहे त्याला चार दिवसांआडचा नळ गैरसोयीचा वाटतो. ज्या घरात दोन घागरी आणि एक पिंप आहे त्याला त्याची किंमत रोजच्या मजुरीतून मोजावी लागते. पूर्वी उन्हाळ्यात पेठापेठांतून पाणपोया असत, ओले फडके गुंडाळलेले रांजण, वर झाकण, दांड्याचे ओगराळे. आता पाणपोई लावायची ठरली तरी मंडळ जारच मागवते. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी ज्या गावात लोकांसाठी तलाव खोदवला, त्या गावात तहानलेल्याला पाणी देण्यासाठीही आधी ते विकत घ्यावे लागते.

आमच्या घरी आता असे चालते. नळ आल्यावर पहिले पाणी सांडपाण्याच्या बादलीत, नंतरचे निवळल्यावर गाळून पिण्यासाठी वेगळ्या झाकणाच्या पिंपात. गढूळ असेल तर तुरटी फिरवतो, पण तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत, म्हणून नंतर मेडिक्लोर (क्लोरिनचे थेंब) घालून अर्धा तास थांबतो किंवा पाणी खळखळ उकळल्यावर आणखी मिनिटभर उकळू देतो. मग माठात. पाणी ओगराळ्याने काढतो, हात बुडवत नाही. पाहुणे आले की जार मागवतो, पण सीलबंद, तारीख आणि चौदा अंकी परवाना क्रमांक पाहून. आरोग्य खात्याचे कर्मचारी नळाचे थोडे पाणी छोट्या नळीत घेऊन ओटी टेस्ट करतात. थेंब टाकल्यावर पाणी पिवळे झाले तर क्लोरिन आहे, रंगहीन राहिले तर नाही. ही चाचणी मिनिटभराची आणि काही पैशांची आहे. ती प्रत्येक पेठेतल्या वाहिनीच्या शेवटच्या घरात, पाणी सुटण्याच्या दिवशी व्हावी आणि तिचा निकाल पाण्याच्या वेळापत्रकाबरोबरच जाहीर व्हावा. अंतर्गत वाहिन्या बदलून एकेका भागाला रोज थोडा वेळ का होईना पण दाबाने पाणी मिळेल अशी तारीख महापालिकेने भागवार सांगावी. आणि तोपर्यंत सुट्या जाराला नियमाबाहेर मोकळे सोडू नये: भरल्याची तारीख, पाण्याचा उगम आणि शेवटच्या जंतुतपासणीचा दिनांक, एवढ्या तीन ओळी प्रत्येक जारावर असल्याशिवाय तो टेम्पोत चढू नये.